रेडिओ मामांकडून, बाकीचं सरळ

सॉर्टरबुवांचं घर गेल्या वर्षापासून अधूनमधून मामांकडे राहायला जायचं. माणसं जागच्या जागी, खाटा-कपाटं जागच्या जागी, गॅसवरचा चहासुद्धा जागच्या जागी उकळतोय, आणि घर मात्र मामांकडे! हे काय गौडबंगाल आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला काही कळायचं नाही.

सॉर्टरबुवा म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखे. छत्तीस वर्षं त्यांनी सॉर्टर म्हणून पत्रं लावली. समोर चोपन्न खणांची लाकडी मांडणी, डाव्या हातात पत्रांची थप्पी, आणि उजव्या हाताने ज्या गावचं पत्र त्या गावच्या खणात. पत्ता ते वाचत नसत, नुसती नजर टाकत. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. धुतलेले चमचे ते लांबूनच आपापल्या कप्प्यात फेकत आणि एकही चुकत नसे. शेजाऱ्यांनी त्यांना सॉर्टरबुवा म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या पत्नीला सगळं घर आई म्हणे. आईंचं माहेर समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात, एका बेटावरच्या छोट्याशा बंदरात. तिथे आता त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मामा, एकटेच राहत. त्या बंदरात एक चिमुकलं रेडिओ स्टेशन आहे. ते नेटवर ऐकू येतं, पण फक्त त्या देशातल्या लोकांना. बाहेरच्या कुणी लावलं, की ‘हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही’ एवढं बजावून गप्प बसतं. आईंना माहेरचा रेडिओ ऐकायची फार हौस. मामांनी स्टेशनवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “माहेरवाशीण ऐकतेय ना? ऐकू द्या की!” मग गेल्या वर्षी बुवांचे चिरंजीव मामांकडे गेले आणि त्यांच्या कपाटावर एक छोटा डबा बसवून आले. इथल्या राउटरपासून त्या डब्यापर्यंत नेटच्या आतून एक बोगदा. त्याला व्हीपीएन म्हणतात. बटण दाबलं, की घरातून जे काही बाहेर पडेल ते आधी बोगद्यातून मामांच्या घरी जाणार आणि तिथल्या दारातून जगात निघणार. जगाला वाटणार, ही मंडळी मामांच्याच ओसरीवर बसली आहेत.

चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. वर नाहीतर खाली, मधलं काही त्यांना पसंत नाही. त्यांचा बोगदाही तसाच होता. एकतर सगळं घर मामांकडे, नाहीतर सगळं घर इथे.

मग काय, मजाच मजा. आईंनी रेडिओसाठी बटण दाबलं की टीव्हीवर मामांच्या गावचं हवामान. एकदा सॉर्टरबुवा वादळाची सूचना वाचून रणरणत्या उन्हात छत्री आणि गमबूट घालून बाजारात गेले. वाण्याच्या दुकानाचं ॲप म्हणे, तुमच्या गल्लीत आम्ही सामान पोचवत नाही. दारावरची कॅमेऱ्याची घंटा दाबली, की ती आधी समुद्रापलीकडे जायची, मग परत यायची, आणि तोवर आलेला पाहुणा जिना उतरून गेलेला असायचा. “चांगलंच आहे,” सॉर्टरबुवा म्हणायचे, “अर्धे पाहुणे असेच टळतात.”

खरी पंचाईत सूनबाईची होती. सूनबाई दुभाषी. ऐकू न येणारे रुग्ण दवाखान्यात आले की डॉक्टरांचं बोलणं ती हातांच्या खुणांनी त्यांना सांगे आणि त्यांचं डॉक्टरांना. आठवड्यातले तीन दिवस हे काम घरूनच, कॅमेऱ्यासमोर. बोगदा चालू असला की चित्र अडखळे, आणि चित्र अडखळलं की हात तोतरे होत. ‘दिवसातून दोनदा’ अशी खूण पलीकडे ‘दिवसातून दोनदा दोनदा’ अशी पोचली तर औषध दुप्पट जाईल ना! म्हणून फ्रिजवर एक कागद लागला होता: अमुक वेळ ‘मामा’, तमुक वेळ ‘सरळ’. त्या कागदावरून सासू-सुनेत कधी भांडण झालं नाही, हे दोघींच्या स्वभावाचं मोठेपण. झालं ते सॉर्टरबुवांचंच, दोघींशीही.

आईंचा उजवा कान गेला होता आणि डावा निघायच्या तयारीत होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, वर्षभर पुरेल, फार तर दीड. आईंनी ते ऐकून घेतलं, जितकं ऐकू आलं तितकं, आणि दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडता निवडता सुनेकडून खुणा शिकायला लागल्या. पाणी, मीठ, दार, आलं, गेलं, पुरे. ‘पुरे’ ही खूण त्या नवऱ्यासमोर फार वापरत.

आईंची एक खोड मात्र सांगायलाच हवी. त्यांना कुणीही कुठूनही हाक मारली, की त्या बसल्या जागेवरून म्हणत, “आले हो, आले! धावतच आले!” आणि तसूभरही हलत नसत. चहा निवून जाई, पाहुणे ताटकळत, तरी “धावतच आले!” चालूच. सगळे त्यांची नक्कल करत. का म्हणता असं, विचारलं तर म्हणत, “लहानपणापासूनच आहे बाई, जिभेवर बसलंय.”

तर एका मंगळवारी सकाळी मामांचा फोन आला. मामा फोनवर नेहमीच ओरडतात, पण त्या दिवशी तर भिंतींनाही ऐकू गेलं असेल.

“ताई! ट्रंक सापडली! पत्र्याची!”

“कुणाला टक्कर दिली?” आई घाबरल्या.

सॉर्टरबुवांनी फोन काढून घेतला आणि हळूहळू उलगडा झाला. रेडिओ स्टेशनच्या माळ्यावर जुन्या फितींची एक ट्रंक मिळाली होती. आई-मामांचे वडील त्या स्टेशनवर बावीस वर्षं रोज सकाळी लाँचच्या वेळा सांगत. कुठली लाँच किती वाजता, कुठल्या धक्क्यावरून, समुद्र कसा आहे. त्या फिती पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे त्यांचा आवाज म्हणून जगात काही उरलेलं नाही असंच सगळे धरून चालले होते. आणि आता एक सकाळ उरलेली निघाली. येत्या रविवारी, इथल्या घड्याळात दुपारी चार वाजता, जुन्या फितींचा कार्यक्रम होता. मामांना स्टेशनवर खास बोलावणं होतं.

“मी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतो!” मामा ओरडले.

“नको,” सॉर्टरबुवा म्हणाले. मामांनी आजवर जे जे रेकॉर्ड केलं होतं त्यात नुसती त्यांच्या खिशातली खरखरच निघाली होती. स्टेशनकडून प्रत मिळणार होती म्हणे, अर्ज केल्यावर, सहा-आठ महिन्यांत. “सहा-आठ महिने म्हणजे दोन वर्षं,” सॉर्टरबुवा बायकोला म्हणाले. “मी खात्यात होतो, मला नको शिकवू.”

कपाटातून आईंनी वडिलांचा फोटो काढला. मायक्रोफोनसमोर बसलेले, तोंड अर्धवट उघडलेलं. तो फोटो त्या साडीच्या पदराने पुसत राहिल्या.

“एकोणीस वर्षांची होते मी, ते गेले तेव्हा,” त्या म्हणाल्या. “चेहरा लख्ख आठवतो. आवाज आठवत नाही हो. पन्नास वर्षं हा फोटो बघतेय, की आता बोलतील, मग बोलतील. रविवारी कान शाबूत असू दे म्हणजे झालं.”

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट सॉर्टरबुवा पहिल्यांदा ऐकत होते.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. फ्रिजवरच्या कागदावर रविवारी चार ते पाच ‘मामा’ असं ठळक लिहिलेलं तिने पाहिलं आणि ती मटकन खुर्चीवर बसली. रविवारी साडेतीन ते साडेचार तिची परीक्षा होती, वरच्या दर्जाच्या दुभाष्याची. घरूनच, कॅमेऱ्यासमोर, परीक्षक पलीकडून बघणार. दोन वर्षं ती याची तयारी करत होती. चित्र अडखळून चालणार नव्हतं, आणि मध्येच आपण दुसऱ्या देशात आहोत असं दिसलं तर परीक्षा तिथल्या तिथे रद्द.

“मी पुढच्या खेपेला देईन, आई,” ती लगेच म्हणाली.

“वेडी आहेस का?” आई म्हणाल्या. “मी प्रत मागवेन.”

“मी देईन पुढच्या खेपेला.”

“मी मागवेन म्हटलं ना!”

“तुम्ही दोघी जरा पुरे करा!” सॉर्टरबुवा कडाडले आणि आपल्याला येणारी एकुलती एक खूण त्यांनी दोन्ही हातांनी केली. मग चिरंजीवांकडे वळले. “हे बघ, रेडिओ तेवढा मामांकडून जाऊ दे आणि हिची परीक्षा सरळ. काय अडचण आहे?”

“बाबा, तसं नसतं ते. बोगदा राउटरला आहे. सगळं जातं, नाहीतर काहीच नाही.”

“का?”

“का म्हणजे? एकाच घरातून निघतं ना सगळं!”

सॉर्टरबुवांनी कपाळाला हात लावला. “अरे, एकाच पेटीतून निघालेली पत्रं आम्ही काय एकाच पोत्यात कोंबून एकाच गावाला पाठवायचो? पेटी एक, गल्ली एक, माणसंही एकाच घरातली. मुलाचं पत्र उत्तरेला, बापाचं दक्षिणेला. मधे कुणीतरी उभा राहतो, बघतो आणि वेगळं करतो. तुझ्या त्या डबड्यात तसा माणूसच नाही का?”

सूनबाई हसायला लागली. “आहे बाबा,” ती म्हणाली. “राउटरमध्ये असा माणूस असतो. त्याला अजून कुणी कामाला लावलेलं नाही, एवढंच.”

झालं! बुधवारपासून सॉर्टरबुवा कामावर रुजू झाले. चिरंजीवांच्या त्या आठवड्यात जादा पाळ्या होत्या, त्यामुळे गुरू सूनबाई आणि शिष्य सासरे. तिने राउटरचं पान लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत उघडून दिलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो, हे तिने सांगितलं. म्हणजे घरातल्या घरातला पत्ता. नियम लिहिता येतो: अमुक नंबरचं जे असेल ते बोगद्यातून, बाकीचं सरळ. बुवांनी जुन्या कॅलेंडरची पाठ घेतली, पट्टीने खण आखले आणि नेटला जोडलेली घरातली अकरा यंत्रं अकरा खणांत लिहिली. प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली. रेडिओ तेवीस. टीव्ही एकवीस. कपडे धुण्याचं मशीन सव्वीस. झोपलेल्या चिरंजीवांच्या मोबाइललाही एक चिठ्ठी लागली. शुक्रवारी संध्याकाळी नियम लिहिला गेला: तेवीस मामांकडून, बाकीचे सरळ. रेडिओवर माहेरची गाणी लागली आणि त्याच वेळी दारावरची घंटा पटकन वाजली. आईंनी बुवांना चहात जास्तीची साखर घालून दिली. डॉक्टरांनी साखर बंद केलेली असताना!

इथेच थांबले असते तर ते सॉर्टरबुवा कसले? शनिवारी सकाळी त्यांना वाटलं, रंगीत तालीम हवी. खात्यात मोठ्या दिवसाच्या आधी सगळे खण रिकामे करून, पुसून, पुन्हा लावत. त्यांनी घरातली अकराच्या अकरा यंत्रं बंद केली, प्लग फडक्याने पुसले आणि एकेक करून पुन्हा लावली. राउटरही झाला. मग आईंनी चादरी मशीनमध्ये टाकल्या आणि सगळे नाश्त्याला बसले.

अर्ध्या तासाने न्हाणीघराच्या दाराखालून फेस बाहेर आला. आधी थोडासा. मग पायपुसणं बुडालं. मग बुवांची एक चप्पल तरंगत हॉलकडे निघाली.

“अहो, दूध उतू गेलं का?” आईंनी विचारलं.

“दूध नाही, तुझ्या चादरी उतू गेल्या!” बुवा ओरडले आणि धावले ते घसरून थेट मशीनसमोर बसकण मारूनच थांबले.

मशीन नवं होतं, हुशार होतं. गावचं पाणी कसं आहे ते नेटवर बघून आपल्या टाकीतला साबण आपणच मोजून घेई. मामांच्या बेटावरचं पाणी जड, साबण पटकन फेस धरत नाही, तिथे तिप्पट लागतो. सूनबाईने मोबाइलवर मशीनचं ॲप बघितलं आणि तिला हसू आवरेना. “बाबा, मशीन मामांकडे गेलंय! त्याला वाटतंय आपण बेटावर आहोत!”

“आणि रेडिओ?”

रेडिओ लावून बघितला. ‘हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही.’

बुवांना लागलं होतं बऱ्यापैकी, पण ते विसरून ते फेसातच बसून राहिले. घोळ त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. सगळं बंद करून लावल्यावर राउटरने नंबर नव्याने वाटले होते. जो आधी जागा झाला त्याला आधीचा. तेवीस नंबर मशीनला गेला आणि रेडिओ गेला अठ्ठाविसात. चिठ्ठ्या जुन्या, बिऱ्हाडं नवी.

“भाडेकरू आहेत सगळे,” ते म्हणाले. “आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. घराच्या नंबरावर भरवसा ठेवला हीच चूक झाली. भाडेकरू बदलला की आम्ही माणूस ओळखून पत्र वळवायचो. यांची काही जन्मखूण असते का गं?”

“असते!” सूनबाई म्हणाली आणि तिने रेडिओ उलटा केला. तळाशी एक बारीकशी पट्टी होती, बारा अक्षरं-आकड्यांची. कारखान्यात मिळालेली, कधी न बदलणारी. बुवांनी भिंग आणलं, ती पट्टी मोठ्याने वाचली, सूनबाईने राउटरमध्ये लिहिली: ही जन्मखूण दिसली की हिला तेवीसच द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. मग त्यांनी सगळी यंत्रं तीनदा बंद केली, तीनदा लावली. तेवीस रेडिओकडेच राहिला. आईंनी तीनदा फरशी पुसली आणि दर वेळी नवऱ्याकडे बघून ‘पुरे’ची खूण केली.

रविवार उजाडला. चिरंजीवांना नेमकी कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि ते गेले. साडेतीनला सूनबाई इस्त्रीचा सदरा घालून आतल्या खोलीत गेली. दार लावताना तिने सासूला नमस्कार केला आणि सासऱ्यांना म्हणाली, “बाबा, काही झालं तरी ते सगळ्या घराचं बटण दाबू नका हं.”

“मी काय खुळा आहे?” बुवा म्हणाले.

पावणेचारला आईंनी फोटो रेडिओशेजारी उभा केला आणि डावा कान स्पीकरला लागेल अशी खुर्ची सरकवली. बुवांनी रेडिओ लावला.

‘हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही.’

बुवांनी राउटरचं पान उघडलं. तेवीस नंबर रेडिओच. नियम जागेवर. बोगदा चालू. पुन्हा लावला, पुन्हा तेच. चिरंजीवांना फोन केला. मागे लिफ्टचा खडखडाट.

“बाबा, स्टेशनवाल्यांनी आज काहीतरी कडक केलं असेल, मोठा कार्यक्रम आहे ना,” चिरंजीव ओरडले. “दाबा ते सगळ्या घराचं बटण! लगेच लागेल!”

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बटण समोर होतं. एकदा दाबलं की समोर बसलेल्या बाईला पन्नास वर्षांनी बापाचा आवाज मिळणार होता, आणि दाराआडच्या पोरीची दोन वर्षं पाण्यात. बुवांचं बोट त्या बटणावर गेलं.

आईंना फोनवरचं ऐकू आलं नव्हतं, पण नवऱ्याचं बोट त्यांना दिसलं. त्यांनी हात पुढे करून ते धरलं आणि बाजूला घेतलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “तिची परीक्षा होऊ दे. माझे बाबा रोज दुसऱ्यांच्या मुलांना वेळेवर पोचवायचे. माझ्यापायी कुणाची लाँच चुकलेली त्यांना आवडायची नाही.”

एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बुवांना रडू आवरेना आणि त्याच वेळी स्वतःचा असा संताप आला की बस्स! “थांब,” ते म्हणाले. “मी सॉर्टर आहे. पत्र हरवलेलं नाही, कुठेतरी चुकीच्या खणात पडलंय. मला बघू दे.”

सूनबाईने त्यांना एक पान दाखवलं होतं. घरातून जे जे बाहेर पडतं त्याची ओळीवर ओळ तिथे सरसर वर जाते. ती स्वतः म्हणाली होती, हे कुणाला वाचता येत नाही बाबा, फार पळतं. बुवांनी ते उघडलं. चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायचा प्रयत्नच केला नाही. नुसती नजर टाकली, जशी थप्पीवर टाकायचे. टीव्ही सरळ. घंटा सरळ. सूनबाई सरळ, सरळ, सरळ. रेडिओ बोगदा. रेडिओ बोगदा. रेडिओ सरळ.

“सापडलं!” बुवांनी टेबलावर हात आपटला. “हे एक पत्र चुकतंय!”

रेडिओ स्टेशनकडे जाण्याआधी एक बारकी चौकशी करायचा: स्टेशनचा पत्ता काय हो? आणि ती चौकशी जायची इथल्याच, गावातल्या खिडकीवर. पत्र बरोबर रस्त्याने, पण पत्ता विचारायला पोरगं धाडलं चुकीच्या गल्लीत. आजच्या कडक बंदोबस्तात तिथे त्याला परदेशी लोकांची खिडकी दाखवत होते. नियमाच्या पानावर खाली एक चौकट होती, ‘चौकशी कुठून’. शुक्रवारी ती रिकामी ठेवली होती. बुवांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत, रेडिओपुरतं तिथे लिहिलं: मामांकडून. रेडिओ बंद केला. लावला.

आणि खोलीभर टाळ्यांचा आवाज घुमला. स्टेशनवरच्या लोकांच्या. चार वाजून एकवीस मिनिटं.

“झालं का हो त्यांचं?” आईंनी विचारलं. “होऊन गेलं का?”

“काय माहीत,” बुवा म्हणाले. दोघं एकमेकांचा हात धरून बसले. कुणा बाईने जुनं गाणं म्हटलं. मग माशांचे भाव. मग कुठल्याशा शाळेच्या उद्‌घाटनाचं रटाळ भाषण, संपता संपेना. “अरे आटप की मेल्या!” आई त्या भाषणवाल्याला म्हणाल्या, आणि तो बहुधा तीस वर्षांपूर्वीच आटपला असावा. साडेचार झाले. आतलं दार उघडलं आणि सूनबाई बाहेर आली. चेहरा असा फुललेला की विचारायचं कामच नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

रेडिओत खरखर झाली. मग कुणीतरी घसा साफ केला.

“नमस्कार. सकाळचे सहा पन्नास. लाँचच्या वेळा.”

आईंनी हात तोंडावर नेला.

आवाज जरा नाकातला होता, संथ होता, आणि आत कुठेतरी हसू दाबल्यासारखा होता. “पहिली लाँच सात वाजता, जुन्या धक्क्यावरून. समुद्र शांत. कामगारांची लाँच सात दहाला. डबे विसरू नयेत.” फीत जरा चिरकली, सावरली. “शाळेची लाँच सव्वासातला. सुटणार म्हणजे सुटणार. काही मुलींच्या वेण्या अजून झालेल्या नाहीत, असं आमच्या कानावर आहे. त्यांनी एकच वेणी घालावी. आणि धावत यावं.”

“आले हो, आले!” आई रेडिओला म्हणाल्या. “धावतच आले!”

आणि आई उठल्या. सत्तेचाळीस वर्षांत जी बाई या शब्दांवर तसूभर हलली नव्हती, ती गुडघ्यांचं दुखणं विसरून ताडकन उठली. एक हात केसांत, पांढऱ्या केसांचे पेड चाचपत, दुसऱ्या हाताने टेबलावरची चावी, चष्मा, काय सापडेल ते गोळा करत. बुवा आ वासून बघत राहिले. अहो, म्हणजे ही रोज उत्तर देत होती! रोज सकाळी तिचा बाप साऱ्या बंदरासमोर तिला हाक मारत होता, आणि हाक विसरली तरी उत्तर तिच्या जिभेवर राहिलं होतं.

“बाबाच ते!” आई रडत होत्या आणि हसत होत्या. “अस्सेच! अस्सेच बोलायचे! मला चिडवायचे हो रेडिओवरून, शाळेत पोरी हसायच्या!”

“आई, बसा, पडाल!” सूनबाईने धावत जाऊन त्यांना धरलं.

“बसा काय बसा?” आई म्हणाल्या आणि सुनेच्या हातात आपले केस दिले. “एकच घाल. पटकन. सव्वासातची आहे.”

सूनबाईने सासूची वेणी घातली. रेडिओवर समुद्र शांत होता, आणि सॉर्टरबुवा दारात चपला सरळ करून ठेवत होते.